बाबूकाकांच्या दोन बाटल्या

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत बाबूकाका सामंतांना "काय, कसं काय?" विचारायची सोय नव्हती. ते उत्तराऐवजी अंगठ्याने तुमची पापणी उचलत आणि "स्थिर!" असा निकाल देऊन पुढे जात. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर अश्रुधूर सुटला, आख्खी वाडी डोळे चोळत पळाली. काका एकटेच उलट्या दिशेने, पापण्या उचलत. एका हवालदाराचीही उचलली म्हणतात. तोही स्थिर निघाला.

काका दवाखान्यात कंपाउंडर. म्हणजे त्यांच्या मते डॉक्टर तेच. खुर्चीतले गृहस्थ सहीपुरते.

काकूंचे डोळे जन्मापासून आपोआप डावी-उजवीकडे हलत. तांदळातला खडा दिसे, पण जागेवर राहत नसे. मोठ्या इस्पितळाने सांगितलं, औषध नाही. "त्यांनी शोधलंय कुठे?" म्हणून काकांनी घरीच प्रयोग मांडला. एका बाटलीत औषध, दुसरीत साखरेचं पाणी. कुठल्या आठवड्यात कुठलं, ते त्यांनाही कळता कामा नये. "कळलं की मन लबाडी करतं रे, वसंता!" म्हणून बाटल्या भरायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच आठवड्यात काका भिंत धरून चालू लागले. चाळ कलली म्हणून मालकाला नोटीस देणार होते. काकूंनी मला गाठलं. "अरे, त्या औषधाने घर गरगरतं. दोन्हीत साखरेचंच घाल. ह्यांना सांगू नको, फार मन लावून करतात."

मी घातलं. सहा महिने रोज संध्याकाळी, सासू, दीर, जावा यांच्यादेखत काकू स्टुलावर बसत. काका हातात घड्याळ घेऊन ओरडत, "माझ्याकडे बघ! मोजतोय!"

एके दिवशी "आज सात हेलकावे कमी!" म्हणत त्यांनी चाळभर पेढे वाटले. मी पेढा परत पुड्यात ठेवला. मी सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "तिला देण्याआधी रोज चमचाभर मी घेतो. चाळ सरळ झाली तेव्हाच कळलं."

"मग पेढे?"

"आई म्हणायला लागली, बास झाले प्रयोग." त्यांनी आवाज खाली आणला. "दोन खोल्यांत नऊ माणसं, वसंता. बायकोकडे मिनिटभर बघायचं, तर काहीतरी मोजावं लागतं."

तेवढ्यात रस्त्यावर मोर्चा आला. "झालाच पाहिजे!" ऐकून त्यांचं घरदार गॅलरीत धावलं. मीही निघालो. दारातून मागे बघितलं, तर काकू स्टुलावर, काका समोर. घड्याळ कोनाड्यातच होतं.