रेघा, चौकोन आणि आक्का

ज्या वस्तूला लेबल नाही, ती वस्तू नसतेच; आणि जिला लेबल आहे, तिला असण्याची फारशी गरज उरत नाही. हे सत्य इस्पितळाच्या भांडारमामांना नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी परिपत्रकातून कळलं. तोवर त्यांनी चार हजार दोनशे वस्तू नुसत्या डोक्यात ठेवल्या होत्या. (डोकं तपासणीसाठी सादर करता येत नसल्याने ही पद्धत रद्द झाली.)

कलम १ : प्रत्येक वस्तूला बारकोड किंवा क्यूआर कोड लावावा.
कलम २ : दोहोंपैकी कोणता, ते समिती ठरवील.
कलम ३ : ठरेपर्यंत बिनलेबलाची वस्तू भांडाराबाहेर जाणार नाही.

समिती मोठी विचारी. अर्धे म्हणाले, बारकोड बरा : सरळ रेघा, स्वस्त छपाई, डोक्याला ताप नाही. अर्धे म्हणाले, क्यूआर बरा : इवल्याशा चौकोनात वस्तूचा सगळा जन्म मावतो, वर कोपरा फाटला तरी वाचता येतो. नऊ बैठका झाल्या. भांडारात आहे काय, हे बघायला एकही सभासद फिरकला नाही. (निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच.) भांडाराच्या दारात बसवलेलं यंत्र दोन्ही वाचायचं, पण मोठ्यांच्या चर्चेत ते कशाला बोलेल?

दहाव्या बैठकीच्या सकाळी लिफ्ट बंद पडली. दाराचं रबरी चाक झिजलं होतं. नवं चाक तिसऱ्या कपाटात, खालच्या खणात, डावीकडे. मामांनी न बघता हात घालून काढलं, कलम ३ आठवलं, परत ठेवलं. लेबल ठरायला समिती भरायला हवी. समिती भरते पाचव्या मजल्यावर. अध्यक्षांना जिने चढवत नाहीत. बैठक सलग सहा दिवस तहकूब. (गणसंख्या तळमजल्यावर पूर्ण, पाचव्यावर अपुरी.)

चौथ्या मजल्यावर मामांची थोरली बहीण, आक्का. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरी सोडायचा दिवस उलटून गेलेला, पायऱ्यांना सक्त मनाई.

"चाक तुझ्याकडेच आहे म्हणे?"

"आहे."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"त्याला ओळख नाही, आक्का."

"मेल्या, तू ओळखतोस ना त्याला!"

"माझी ओळख चालत नाही. छापील लागते."

आक्कांनी मनगट पुढे केलं. दाखल होताना बांधलेला कागदी पट्टा, त्यावर ठसठशीत बारकोड. (रुग्ण ही वस्तू नसल्याने त्याच्याबाबत समितीला विचारायचं राहून गेलं होतं.)

"ही घे छापील. काप आणि पळ."

मामांनी पट्टा चाकाला बांधला. यंत्राने तो वाचला आणि चाक रीतसर बाहेर पडलं. नोंद अशी : *स्त्री, वय ६४, उजवा गुडघा, प्रकृती समाधानकारक, घरी रवाना.*

अर्ध्या तासात लिफ्ट चालू. आक्का खाली आल्या, अध्यक्ष वर गेले.

फाटकावर रखवालदाराने आक्कांचं रिकामं मनगट तपासलं, नाव विचारलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही गेलात."

"मग जाऊ दे की!"

"गेलेल्या माणसाला सोडू कसं?"

"अहो, माझी सख्खी बहीण आहे," मामा म्हणाले. "जन्मापासून ओळखतो."

रखवालदार मनाने चांगला. हळूच म्हणाला, "छापील काही आहे का?"

प्रकरण समितीपुढे गेलं. गणसंख्या आता पूर्ण होती. एकच विषय : बिनलेबलाच्या आक्कांना बारकोड लावावा की क्यूआर? मतं समसमान पडली. तेव्हा बाहेरच्या एखाद्या सुजाण माणसाचा कौल घ्यावा असं ठरलं, म्हणजे तुमचा. रेघा की चौकोन, हे तुम्ही वाचता वाचता मनाशी केव्हाच ठरवून टाकलंत, याची समितीने आभारपूर्वक नोंद घेतली आहे.

फाटकाशी उभ्या आक्का एवढंच विचारतात, की बसायला खुर्ची मिळेल का. त्यावर तुमचं मत अद्याप आलेलं नाही.