थोरल्या साहेबांचं आवडतं गिऱ्हाईक

कुलपांच्या कारखान्याला स्वतःच्याच पानाची किल्ली सापडत नव्हती. पान म्हणजे समाजमाध्यमावरचं कंपनीचं पान, आणि किल्ली म्हणजे त्याचा पासवर्ड. तो होता जाहिरातबाईंकडे, आणि त्या ताकास तूर लागू देत नव्हत्या.

"बाई, पासवर्ड मला सांगूच नका. माझ्या मशीनवर येऊन एकदा लॉगिन करा आणि 'परवानगी द्या' दाबा. एवढंच."

"मेल टाका."

"टाकलाय. दोनदा."

"थोरल्या साहेबांना कॉपी ठेवून?"

"हो."

"मग त्यांनाच विचारा. मला कशाला विचारताय?"

खरी गोष्ट अशी की बाई तो पासवर्ड केव्हाच विसरल्या होत्या. पण 'मला आठवत नाही' एवढं म्हणायला जी हिंमत लागते, ती त्या ऑफिसात शिपायापासून वर कुणाकडेच नव्हती.

विचारणारा गडी म्हणजे जोडारी. ऑफिसातलं हे त्याचं टोपणनाव. इथली माहिती तिथे नेऊन जोडायची, हेच त्याचं काम. गोदाम विक्रीला जोडलं, विक्री वसुलीला जोडली. त्यासाठी कंपनीने एक महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते चालवायला एक स्वस्त माणूस. आता नवं फर्मान निघालं होतं: लोक आपल्या पानावर काय लिहितात ते रोज सकाळी आपोआप ओढून थोरल्या साहेबांच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. सोमवारच्या बैठकीत दिसलं तर जोडाऱ्याची नोकरी कायम. नाही तर काम बाहेरच्यांना आणि जोडारी घरी.

शनिवारी तो वैतागला. निदान जोडणी चालते का ते तरी बघू, म्हणून त्याने स्वतःच्या नावाने लॉगिन केलं. परवानगीची खिडकी उघडली. 'कोणतं पान जोडायचं?' या प्रश्नाखाली एकच पान होतं, त्याचंच, कॉलेज संपल्यावर उघडलेलं. त्यावर नुसती दारं होती. गल्लीबोळांतली, रंग उडालेली, एका बिजागरीवर लोंबकळणारी. तेव्हा त्याला फोटोग्राफर व्हायचं होतं. त्याने ते पान निवडलं, 'पुढे' दाबलं, हिरवा दिवा लागला. सोमवारी बदलू, म्हणून तो निघाला.

सोमवारी साहेबांनी बैठक तासभर अलीकडे ओढली. मोठ्या माणसांचं घड्याळ हे असंच चालतं.

जोडारी पोचला तेव्हा पडदा सुरू होता. वर 'ग्राहकांचा आवाज' असा मथळा. फोटो नाहीत, लोकांची फक्त वाक्यं. लोकांची कसली, बहुतेक एकाच बाईची.

'दार छान. कुलूप गंजलंय पण.'

थोरले साहेब खुर्चीत पुढे सरकले. "बरोबर बोलतायत बाई."

'कडी जुनी आहे, भक्कम. आता अशी मिळत नाही.'

"ऐका. मी इतकी वर्षं बोंबलतोय, ते ह्यांना कळलं. तुम्हाला नाही."

जोडाऱ्याचं पान बदलायचं राहून गेलं होतं. ती त्याची आई होती.

'जेवलास का?'

सगळ्यांनी पडद्यावरची नजर साहेबांकडे वळवली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"सर, ह्याला ब्रँडशी भावनिक नातं म्हणतात," जाहिरातबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या. "आमच्या टीमने बांधलंय."

शेवटी शेवटी एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: 'पुढचं दार कधी?' मग तेही थांबलं होतं. त्याला काही वर्षं झाली होती.

"ह्या बाई गप्प का झाल्या?" साहेबांचा आवाज बदलला. "गिऱ्हाईक उगाच गप्प होत नाही. त्या मागत होत्या, आपण दिलं नाही. जोडारी, शोधा ह्यांना. मला ह्या परत हव्यात. तुमच्या नोकरीचं मग बघू."

"शोधतो, सर."

पत्ता तोंडपाठ होता. जायला तेवढं सुचलं नव्हतं.

बसमध्ये त्याने ते पान उघडलं. तिघांत मिळून एक खोली, पहिल्या पगारातला कॅमेरा, रविवारी सकाळी रिकाम्या पोटी केलेली भटकंती. संध्याकाळी फोटो चढवला की हातातला चहा निवायच्या आत आईचं उत्तर यायचं. एका बोटाने टंकलेलं. त्यासाठी ती शेजारणीकडून टाइप करायला शिकली होती. पुढे ही कारखान्यातली नोकरी लागली, आणि दार म्हणजे सकाळी ओढून घ्यायची वस्तू तेवढी उरली.

"आज कसा वाट चुकलास?" आईने विचारलं.

"आई, तू पानावर लिहायचं का सोडलंस?"

"मी कुठे सोडलं? तेच मला आत घेईना. तुम्ही कोण, म्हणून विचारतं. नाव टाकलं तर म्हणतं पासवर्ड चुकला. आता मी कोण ते त्याला आणखी कसं सांगू?"

"मग मला सांगायचंस ना."

"सांगितलं की फोनवर. तू म्हणालास, येत्या रविवारी येतो आणि करून देतो."

सगळा कारखाना जोडणाऱ्या या शहाण्याने चहाला उकळी फुटायच्या आत तिला नवा पासवर्ड करून दिला. निघताना उंबऱ्यापाशी थबकला. उघडं दार, बाहेर तिच्या चपला. त्याने फोटो काढला आणि पानावर चढवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा पडदा ओसंडून वाहत होता. आईने रात्रीत जुनी सगळी दारं पुन्हा पाहिली होती. नव्या दाराखाली लिहिलं होतं, 'चपला कशाला काढल्यास फोटोत, वेड्या.' साहेब खूश. "गिऱ्हाईक असं परत आणतात. नोकरी पक्की तुमची."

जोडाऱ्याला घास गोड लागेना. त्याने जाहिरातबाईंना आईची गोष्ट सांगितली. आपल्यासारखं दुसरंही कुणी पासवर्ड विसरतं, याचा बाईंना इतका आधार वाटला की त्यांनी मुकाट्याने नवा करून घेतला आणि 'परवानगी द्या' दाबलं. खरं पान जोडलं गेलं.

साहेबांनी पडदा वाचला.

'किल्ली आतच मोडली.'

'तुमचं कुलूप माझ्या नातीने केसांच्या पिनेने उघडलं.'

'फोन उचला की कुणीतरी.'

"हे कोण लोक?"

"आपली गिऱ्हाइकं, सर."

"आणि त्या बाई?"

"ती माझी आई, सर. दारंही माझीच. चुकून जोडली गेली. नोकरीचं तुम्ही म्हणाल तसं."

साहेबांनी पडदा पुन्हा वरपासून वाचला.

"हे खाली कारखान्यात लावा," ते म्हणाले. "पिनेने उघडतं, हे त्यांना रोज दिसू दे."

"आणि इथे?"

"इथे आधीचं लावा. नोकरी पक्की म्हटलंय ना मी? आणि रविवारी एक दार काढत जा, नाही तर बाई पुन्हा गप्प होतील."

तेव्हापासून खाली कुलपं जरा बरी व्हायला लागली. वर साहेबांच्या खोलीत पडदा उजळला की आधी तेच वाक्य येतं, 'जेवलास का?' एकदा जोडारी सही घ्यायला आत गेला. साहेबांना तो आल्याचं कळलं नाही. ते पडद्याकडे बघून हळूच म्हणत होते, "अजून नाही."