दोन बोटं जास्त

सिस्टर जसिंता दुकानाची पायरी चढून आल्या तेव्हा अर्जुनराव टेलर दातांत सेफ्टी पिन धरून एका पायजम्यात नाडी ओवत होते. मिशन शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका आणि आपल्या दुकानात! अर्जुनरावांनी घाईघाईनं पायजमा मशीनखाली सारला. नाडी मात्र पिनेसकट दातांतच राहिली.

"अर्जुनराव, येत्या पहिलीच्या वर्गाचे गणवेश तुम्ही शिवाल का?"

या एका वाक्याची अर्जुनरावांनी एकोणीस वर्षं वाट पाहिली होती. मोताळ्याच्या अलीकडच्या त्या गावात मिशनची प्राथमिक शाळा उघडली तेव्हापासून गणवेश यायचे ते मलकापूरहून, तयार. गावात टेलर असताना गावची पोरं परगावचे कपडे घालून हिंडतात, हे दुखणं अर्जुनराव प्रत्येक गिऱ्हाइकापाशी बोलून दाखवायचे. गिऱ्हाइकं हो हो म्हणायची आणि ब्लाउज कधी मिळेल ते विचारायची.

सिस्टर मूळच्या वसईच्या. बोलणं पुस्तकी, शिस्त कडक. त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा फोटो पाहिला मी. निम्मी मुलं शर्टात हरवली आहेत. मला अंगाबरोबर कपडे पाहिजेत. पहिल्या दिवशी अमरावतीहून फादर येणार आहेत, फोटो निघणार आहे. हे नीट झालं तर पुढच्या वर्षी सगळ्या शाळेचे गणवेश तुमच्याकडे. नाहीतर पुन्हा मलकापूर."

अर्जुनरावांनी तोंडातली नाडी काढली आणि हात छातीशी नेला. "सिस्टर, एक दोरा इकडचा तिकडे होनार नाही. शब्द देतो."

एप्रिलात शाळेच्या ओसरीत मापं झाली. बालवाडीतून पहिलीत जाणारी सव्वीस पोरं. अर्जुनरावांनी मापं अशी घेतली की जणू पोरांची लग्नंच ठरली आहेत. प्रत्येकाचं नाव, उंची, कंबर, छाती, सगळं वहीत. त्या दिवशी माणूस घरी आला तो चालत आला की उडत, ते त्यालाच ठाऊक.

घोळ सुरू झाला संध्याकाळी. बनाबाई आल्या. त्यांचा नातू हरिओम त्या सव्विसांतला.

"अर्जुना, हरिओमच्या कपड्याईले दोन बोटं जास्त ठेवजो. वाढतं अंग हाये पोट्ट्याचं."

"बनामाय, सिस्टरनं सांगतलं हाये, अंगाबरोबर पायजे म्हनून."

"सिस्टरले काय लेकरं हायेत? दोन बोटं कोनाले दिसते रे? आन माह्या सुनेले सांगजो नोको. ते म्हनन, बुढी चिकट हाये."

आता अर्जुनरावांचा स्वभाव सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांच्या पोटात पडलेली गोष्ट कधी बाहेर यायची नाही. बायका माप द्यायला यायच्या आणि मापाबरोबर घरातलं सासू-सुनेचं, दिराजावेचं सगळं मशीनपाशी सांडून जायच्या. त्यातला एक शब्दही कुणाच्या कानावर गेल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. अर्जुनरावांनी मान हलवली. दोन बोटं काय, दुमडीतच जातात, असा विचार केला आणि वहीत हरिओमच्या नावापुढं एक टिंब दिलं.

दुसऱ्या दिवशी बनाबाईंची सून पुष्पांजली नळावरून परस्पर दुकानात आली.

"टेलरभाऊ, हरिओमच्या कपड्याईले दोन बोटं जास्त ठेवा ना. आमच्या आत्याबाईले सांगू नका बरं. त्या म्हनतीन, सुनेले लेकराचं कौतुक नाही."

आता काय करावं? तुमच्या सासूबाई कालच येऊन गेल्या म्हणावं, तर बनामायला दिलेला शब्द मोडतो. तिला नाही म्हणावं, तर सासूला हो आणि सुनेला नाही का? अर्जुनरावांनी दुसरं टिंब दिलं.

तिसऱ्या दिवशी हरिओमचा बाप ज्ञानेश्वर मोटारसायकल चालूच ठेवून दारात थांबला. "काका, दोन बोटं जास्त. घरी बोलू नका, दोघीबी माह्यावर हासतीन."

तिसरं टिंब.

आणि हे एकाच घरचं नव्हे! सव्वीस घरं आणि सगळ्यांना लेकरं वाढणारीच. आजी आली, आई आली, बाप आला. जिथं आजी नव्हती तिथं आत्या आली. सगळे एकेकटे आले, सगळ्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं आणि सगळ्यांना फक्त दोनच बोटं पाहिजे होती. वहीला गोवर उठल्यासारखी टिंबं उठली. अर्जुनराव प्रामाणिक माणूस. एखाद्यानं एक टिंब दाबून टाकलं असतं, पण दिलेल्या शब्दातलं अर्धं बोट खाल्लं असतं तर त्यांना जेवण गेलं नसतं.

वर त्यांची स्वतःची दोन बोटं होतीच. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून तेवढं सोडायचं, हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. ते काही सांगून करायचं काम नव्हतं, हातच आपोआप तेवढे सरकायचे. कापणं त्यांचं. शिलाई, दुमड आणि काजबटन त्यांच्या बायकोचं, सुभद्राबाईंचं.

मे महिन्यात शिवलेल्या चड्ड्यांचा ढीग लागला. रोज पेपर वाचायला येणाऱ्या भगवानरावांनी त्यातली एक उचलून स्वतःच्या कमरेला लावून पाहिली.

"अर्जुन, हे कोनाची चड्डी हाये बे? माह्या मापाची दिसते."

"पहिलीतल्या पोट्ट्याची हाये."

"पहिलीतल्या? किती खेपा नापास झालं ते?"

अर्जुनरावांनी चड्डी हिसकावली, टेप लावला, वही पाहिली, टिंबं मोजली. सगळं बरोबर. हिशेब चुकला असता तर दुरुस्त करता आला असता. बरोबर असलेल्या हिशेबाला काय करणार? आणि उसवून कमी करायचं म्हटलं, तर कुणाची दोन बोटं काढायची, बनामायची की तिच्या सुनेची?

"वाढतं अंग हाये," ते एवढंच म्हणाले.

गणवेश घरी वाटले असते तर भानगड मे महिन्यातच उघडी पडली असती. पण सिस्टर हुशार. कपडे घरी गेले की पोरं ते घालून लग्नाच्या पंगतीत बसतात आणि शाळेत येतात ते हळदीचे डाग घेऊन, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी सगळे गठ्ठे बांधलेले तसेच शाळेच्या कपाटात ठेवले. पहिल्या दिवशी शाळेतच घालायचे, कोरे करकरीत.

जून सरता सरता शाळा उघडली. अंगणातल्या निंबाखाली सतरंज्यांवर आईबाप आणि आज्या बसल्या. अमरावतीहून फादर आले, खुर्चीत बसले. फोटोवाला तीन पायांचं स्टँड लावून तयार. अर्जुनराव धुतलेलं धोतर नेसून गर्दीच्या मागं उभे, शेजारी सुभद्राबाई.

वर्गाचं दार किलकिलं झालं आणि पहिलीच्या सुचिता मॅडमचा घामेजलेला चेहरा बाहेर आला.

"सिस्टर, जरा आत येता का?"

"मुलांनी कपडे घातले ना?"

"घातले. पण त्यात मुलं सापडत नाहीत."

सिस्टर काही बोलणार तोच बँडचं पोरगं ढोल वाजवू लागलं आणि रांग बाहेर पडली. पुढं मुली. त्यांच्या निळ्या फ्रॉकांनी सकाळी झाडलेलं अंगण पुन्हा एकदा झाडून काढलं. मागं चौदा मुलगे. शर्ट गुडघ्यापर्यंत, बाह्या बोटांच्या पुढं वीतभर, आणि प्रत्येकानं दोन्ही हातांनी चड्डी पोटाशी घट्ट धरलेली. हरिओम तर सगळ्यांत बारीक. तो येतो आहे हे कॉलर हलत होती म्हणून कळलं.

"अगं माय!" सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं.

प्रार्थना सुरू झाली. मुलींनी हात जोडले, म्हणजे बाह्या जोडल्या. मुलग्यांनी जोडले नाहीत, त्यांचे हात कामात होते. सुचिता मॅडमनी डोळे वटारले तशी पोरांनी एका हातानं चड्डी धरून दुसऱ्या हातानं अर्धा नमस्कार केला. इथवर सगळं कसंबसं निभावलं. पण प्रार्थनेनंतर राष्ट्रगीत होतं, आणि ड्रिलच्या सरांनी सवयीनं खणखणीत आवाज दिला, "साऽवधान!"

सावधान म्हणजे हात मांडीशी सरळ. बालवाडीत दोन वर्षं हेच घोटून घेतलेलं. चौदा पोरांनी हात सरळ केले आणि चौदा चड्ड्या एका दमात खाली आल्या.

शर्टांनी लाज राखली, टिंबांची तेवढी कृपा. पण पेटी वाजू लागली होती. राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही हेही पोरांना घोटून शिकवलेलं, म्हणून ती चड्ड्यांच्या वळकट्यांत पाय रोवून ताठ उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून गाऊ लागली. मोठ्यांनाही हलता येईना, हसता येईना. बनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. फादरांचे गाल थरथरत होते, नजर समोर झेंड्याच्या खांबावर खिळलेली. शेवटचा 'जय हे' संपला आणि सगळं अंगण फुटलं.

सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत.

"अर्जुनराव, पुढे या."

गर्दीनं वाट दिली. अर्जुनरावांना ते अंगण फार लांब वाटलं.

"शब्द दिला होता ना तुम्ही? एक दोरा इकडचा तिकडे होणार नाही?"

"हाव, सिस्टर."

"मग हे काय आहे?"

अर्जुनरावांनी मान वर केली असती तर समोर बनामाय, तिची सून, तिचा लेक, आणि बाकी पंचवीस घरं दिसली असती. त्यांनी ती वर केलीच नाही. एकोणीस वर्षं डोळ्यांपुढून गेली आणि मलकापूरच्या गाडीत बसून निघून गेली.

"माप चुकलं, सिस्टर," ते म्हणाले. "माहीच चूक हाये."

सतरंजीवरचं हसू विरलं. ज्यानं त्यानं आपापल्या पायांच्या बोटांकडं पाहिलं. पहिल्या उठल्या बनाबाई, गुडघ्यावर हात टेकत.

"त्याची काऊन चूक? मीनं सांगतलं होतं त्याले, दोन बोटं जास्त ठेव म्हनून."

"आत्याबाई, तुमीनंबी?" पुष्पांजली ताडकन उठली. "अवो, मीनं सांगतलं ना!"

"म्हंजे दोघीनंबी?" मागून ज्ञानेश्वर म्हणाला आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता, दोघी त्याच्याकडं वळल्या होत्या.

मग बांध फुटल्यासारखं झालं. या सतरंजीवरून एक आजी, त्या सतरंजीवरून एक बाप, कुठून एक आत्या. "मीनंबी", "आमीबी", "मीनं तर चार बोटं म्हटली होती जी!" प्रत्येक घरात नव्यानं ओळख होत होती. सगळ्यांत शेवटी सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, "दुमड घालताना मीनंबी दोन बोटं सोडली व्हती. आमचे हे असं कापड कापते, जसं लेकरं उद्यापासून वाढनंच बंद करनार हायेत."

अर्जुनरावांनी झटक्यात मान वर केली. ही दोन बोटं वहीत नव्हती.

फादर खुर्चीत मागं रेलून डोळे पुसत होते. "सिस्टर, मी तीस वर्षं लोकांचे कबुलीजबाब ऐकतोय. एका सकाळी इतके कधी मिळाले नाहीत. आणि या माणसाकडं पाहा. ऐकलेलं पोटात ठेवायला आम्हाला फादर होण्याआधी सेमिनरीत वर्षानुवर्षं शिकवतात. यानं शिलाई मशीनवर बसून साधलं."

सिस्टरांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. त्या म्हणाल्या, "ज्यांनी ज्यांनी बोटं वाढवली, त्यांनी आता सुई हातात घ्या."

सुभद्राबाईंच्या पिशवीत सुईदोरा नेहमीचाच. अर्जुनराव दुकानाकडं पळाले आणि पायजम्याच्या नाड्यांचं भेंडोळं घेऊन आले. आज्यांनी दुमडी घातल्या, आयांनी बाह्या टाचल्या, बापांनी पोरं धरून ठेवली. अकराच्या सुमाराला फोटो निघाला. त्यात सव्वीस पोरं पूर्ण दिसतात, हात, पाय, बोटं सगळं. चौदांच्या पोटावर नाडीच्या गाठी दिसतात, तेवढं सोडा.

फोटो झाल्यावर सिस्टरांनी अर्जुनरावांना ऑफिसात बोलावलं. ते दारातच उभे राहिले.

"पुढच्या वर्षी सगळ्या शाळेचे गणवेश तुम्हीच शिवा," सिस्टर म्हणाल्या. "एकच अट. मापं घेतली की महिनाभर दुकानाला आतून कडी. कुणाचं काही ऐकायचं नाही."

अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "शब्द देतो, सिस्टर," म्हणून ते वळले.

"थांबा." सिस्टरांनी उठून दार लोटून घेतलं. कपाटातून पांढऱ्या कापडाचा तुकडा आणि एक जुना झगा काढला. दाराकडं एकदा पाहिलं. "मला एक नवा झगा शिवायचाय. या जुन्याच्या मापाचा. पण इथं आल्यापासून पालक डबे पाठवतात, शेंगदाण्याची चटणी काय, पुरणपोळ्या काय... नाही म्हणवत नाही. तेव्हा कमरेत जरा दोन बोटं जास्त ठेवा. आमच्या मठाच्या मदरना मात्र कळू देऊ नका."

अर्जुनरावांनी कापड काखेत मारलं.

दुकानात आल्यावर सुभद्राबाईंनी विचारलं, "काय म्हनत होत्या सिस्टर?"

"काही नाही. झग्याचं कापड देल्लं."

त्यांनी वही उघडली, नाव लिहिलं, माप लिहिलं आणि पुढं एक टिंब दिलं. सुभद्राबाईंनी पांढरं कापड मांडीवर घेऊन चाचपलं, जुना झगा त्यावर पसरला, आणि मशीनवर वाकून आवाज अगदी खाली आणला.

"पाहा, मी काय म्हनते, त्या आल्या तवापासून अंगानं भरल्या जराशा. दोन बोटं जास्तच कापा. त्याईले सांगू नका पन, वाईट वाटन बिचारीले."

"नाही सांगत," अर्जुनराव म्हणाले आणि त्यांनी दुसरं टिंब दिलं.