ढब्बूच्या उपासाचं प्रकरण

अंबरनाथ पश्चिमेला कुणालाही विचारा, सुदाम भोईर कोण? लोक म्हणतील, "ते कारखान्यातले टाइमकीपर ना?" अज्ञान, दुसरं काय! सतरा वर्षं मी लोकांचे उशिरा येण्याचे बहाणे ऐकलेत. खोटारडा मला नुसत्या चपलेच्या आवाजावरून कळतो. रिटायर झालो तसं उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून एक भिंग आणलं आणि गुप्तहेर झालो. भिंगाला गॅरंटी नाही. मलाही नाही, असं आमची स्वप्नाली म्हणते, पण ती बायको आहे, म्हणणारच.

तर आमच्या तळमजल्यावरच्या बनूबाई वारल्या. मूलबाळ नव्हतं, मागे फक्त कुत्रा, ढब्बू. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं: ढब्बूला कामवाल्या गयाबाईनं सांभाळावं आणि खोली तिनंच घ्यावी. मात्र ढब्बूची आबाळ झाली तर खोली भाचा महिपतीला.

आणि ढब्बू नऊ दिवस गयाबाईच्या भाकरीला तोंड लावत नव्हता! दहाव्या दिवशी वकीलबाई राजसी मॅडम पाहणीला येणार होत्या.

"भाऊ, बदलापूरला भावाकडे राहते, वहिनी उठता-बसता टोमणे मारते," गयाबाई रडायलाच लागली. "ही खोली गेली तर कुठं जाऊ? काहीतरी करा ओ!"

मी भिंग काढलं. ढब्बू मला पाहून शेपटी हलवायला लागला. संशयास्पद!

"विषप्रयोग," मी म्हणालो. "पोट बघ कसं फुगलंय."

"अहो, जाडा झालाय तो," स्वप्नाली म्हणाली.

"मग हा ढब्बूच नाही. महिपतीनं कुत्रा बदललाय."

"कान तोच फाटका आहे की!"

"मग दुःखानं उपास करतोय."

"उपासानं कुणी जाडं होतं का?"

"तू करतेस ना चतुर्थीला, साबुदाणा खाऊन?" हे मी बोलायला नको होतं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

दहाव्या दिवशी राजसी मॅडम आल्या. कॅम्प चारहून महिपतीही आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. गयाबाईनं ढब्बूपुढे भाकर-दूध ठेवलं. त्यानं जांभई दिली. गयाबाईचा चेहरा पांढराफटक पडला.

मी महिपतीवर बोट रोखलं. "विष यानंच..."

तेवढ्यात जिना झाडणारी गंगूताई घमेलं आदळत आली. "ही भांडी ज्याची त्यानं घेऊन जा बरं! रोज जिन्याखालून उचलून उचलून माझी कंबर गेली."

घमेल्यात वाट्या, डबे, ताटल्या. भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे पद्धतच! मॅडम एकेक वाचायला लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या पाटलांची ताटली. समोरच्या लालवानींचा डबा, त्यात दाल-पकवानाचा चुरा.

"मयताच्या घरी चूल पेटत नाही," गंगूताई म्हणाली. "शेजारी डबे आणतात. बाईंच्या मागे घरचं म्हणून हाच एक. मग याच्यासाठीच आणणार ना? पण नोटीस लागलीय, जिन्यात कुत्र्याला खायला घालू नये. म्हणून सगळे चोरून घालतात."

नोटीस माझ्याच अक्षरात होती. मॅडमनी पुढची वाटी वाचली, "सुदाम भोईर, गृहप्रवेश."

स्वप्नालीनं माझ्याकडे पाहिलं.

"दूध-टोस्ट," मी म्हणालो. "साक्षीदाराला बोलतं करायला. तपासाचा भाग."

शेवटचा डबा पितळी होता. मॅडम थांबल्या. "महिपती..."

महिपतीची मान खाली गेली. "पिठलं-भात," तो पुटपुटला. "आत्याच्या घरी रिकाम्या हातानं कसा येऊ? आणि तिथं खाणारं होतंच कोण, याच्याशिवाय?" मग नाक पुसत म्हणाला, "मॅडम, आबाळ नाही असं लिहा. खोली गयाबाईचीच."

गयाबाईनं पदर डोळ्यांना लावला. मी नोटीस फाडली. तेराव्यानंतर डबे थांबले, आणि चौदाव्या दिवशी ढब्बूनं गयाबाईच्या हातची अख्खी भाकरी खाल्ली.

माझ्या वहीत नोंद आहे. आरोपी: सगळी बिल्डिंग आणि महिपती. जप्त मुद्देमाल: एक वाटी, आमचीच. स्वप्नालीनं ती घासून घेतली आणि त्याच वाटीत मला साबुदाणा वाढला.