माझ्या बायकोचं तीनशे वर्षांपूर्वीचं गाणं

आमच्या तीन इमारतींच्या मध्ये फरशीचं एक मोकळं अंगण आहे. तिथे दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता लोक गाणी म्हणत. बावीस वर्षं म्हणत होते. या प्रकाराला काही नाव असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. 'येताय का खाली?' एवढं विचारलं की पुरत असे. मग एका सोमवारी लोककला जतन विभागाचं पत्र आलं आणि आम्ही करत होतो ती जिवंत लोककला आहे असं कळलं. विभागाने आमचं अभिनंदन केलं होतं. शहरातली जिवंत लोककला झपाट्याने नष्ट होत असल्याबद्दल चिंता व्यक्त केली होती. आणि ती नष्ट होऊ नये म्हणून नोंदणी पूर्ण होईपर्यंत तातडीने बंद ठेवावी, असा आदेश दिला होता.

माझी बायको असती तर तिने त्या पत्राला चाल लावली असती. पण तिला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

'खाली' जमल्यावर सगळ्यांत जास्त म्हटलं जाणारं गाणं तिचं होतं. एकदा पाण्याची मोटार जळाली आणि नऊ दिवस सगळ्यांना खालून बादल्या न्याव्या लागल्या. आम्ही चौथ्या मजल्यावर. जिन्यात दम खाता खाता तिने ते जुळवलं.

मोटार रुसली, पाणी रुसलं, जिना काही रुसेना,
बादली म्हणते चल गं बाई, गुडघा काही ऐकेना.

दुसरं कडवं माझ्यावर होतं. मी कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या करून देतो.

साऱ्यांची कुलपं उघडत हिंडतो माझा कारभारी,
चावी विसरून बसून राहतो आपल्याच दारी.

यात खोटं काही नाही. हत्यारं दुकानात, किल्ली घरात आणि मी पायपुसण्यावर, असं तीनदा झालं आहे. या ओळीला गाण्याची गती एकदम वाढायची, सगळे माझ्याकडे वळून हसायचे. पुढे ज्याला सुचेल त्याने आपली ओळ घालायची, अशी पद्धत होती. गाणं त्यामुळे कधी संपलं असं झालंच नाही. जेवायची वेळ झाली की थांबायचं.

पत्र आलं त्याच दिवशी मेहुणी आली. ती शेजारच्या इमारतीत राहते.

"भावोजी, पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी ताईला वर्ष होतंय. मला भाषणं नकोत, फोटो नको. तिचं गाणं झालं पाहिजे. खाली."

"परवानगी लागेल म्हणतात."

"मग आणा. साऱ्यांची कुलपं उघडत हिंडता ना?"

मी विभागात गेलो. खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. त्यांनी अर्ज दिला, पेन दिलं, टेकायला जागा दिली. सातव्या रकान्यात 'रचनाकार' असं होतं. मी बायकोचं नाव लिहिलं.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "काका, हे काय केलंत? मग हे लोकगीत नाही."

"लोकच म्हणतात की ते. साठ-सत्तर जण."

"म्हणू देत. पण कुणी केलं ते माहीत आहे ना? माहीत असलं की ते नुसतं गीत. नुसती गीतं दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी सांगितलं की नुसत्या गीताच्या जाहीर गायनाला रचनाकाराची लेखी संमती लागते, आणि ती रचनाकाराने समक्ष येऊन द्यायची असते.

"ती वारली, साहेब."

"वाईट झालं. कधी येऊ शकतील?"

साहेबांनी वर पाहिलं, चष्मा काढला, पुसला. "माफ करा. सवयीने विचारलं. पण मग अवघड आहे. तुम्ही खालीच बघा काही होतंय का."

खाली बाई म्हणाल्या, "सोपं आहे हो. अज्ञात लिहा."

"पण मला ज्ञात आहे."

"तुम्हाला आहे. विभागाला कुठे आहे? फक्त एक प्रतिज्ञापत्र द्यायचं. मी कसून चौकशी केली असून सदर गीत कोणी रचले हे मला माहीत नाही. बास."

"मी तिचा नवरा आहे, बाई."

"म्हणूनच तुमचं प्रतिज्ञापत्र जास्त विश्वासार्ह धरतील."

मी तो कागद घरी आणला आणि तीन दिवस टेबलावर ठेवला. माझ्या धंद्यात साबणावर किल्लीचा ठसा घेऊन येणारी माणसं भेटतात. म्हणतात, आमच्याच घराची आहे, करून द्या. मी चाळीस वर्षांत एकालाही दिली नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आईला काय फरक पडतो? गाणं होतंय ना?" मेहुणी म्हणाली, "सही केलीत तर याद राखा." पण तिला दुसरा उपाय सांगता येईना. चौथ्या दिवशी मी सही केली. कसून चौकशी केल्याचं लिहून दिलं. एका अर्थी केलीच होती. तीन दिवस तिच्या फोटोसमोर बसूनच होतो.

रचनाकार अज्ञात झाल्यावर गाण्याचं वय ठरवणं भाग होतं. त्यासाठी विभागाचे तज्ज्ञ अंगणात आले. आम्ही गाऊन दाखवलं. तज्ज्ञांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तीनशे वर्षं. एखादं वर्ष इकडेतिकडे."

"यात मोटार आहे," आमच्या इमारतीतल्या नर्सबाई म्हणाल्या.

"ती नंतर घुसली. मूळ गाण्यात विहीर असणार."

"आणि जिना?"

"जिना आध्यात्मिक आहे." मग ते दुसऱ्या कडव्याकडे वळले. "हा कारभारी म्हणजे जीव. कुलूप म्हणजे देह. आपल्याच दारी बसलेला, स्वतःला मुकलेला जीव! काय हो ही वेदना!" त्यांनी रुमाल काढला. "कोण असेल तो अनाम कवी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फरशीकडे बघितलं.

आठ दिवसांनी गाण्याची प्रमाणित प्रत आली. चौदा ओळी, खाली शिक्का. यापुढे ओळ घालणे किंवा काढणे हा वारशाला धोका समजला जाईल, असं होतं. नर्सबाईंनी नव्याने बसवलेल्या, पण बंद पडलेल्या लिफ्टवर नुकतीच एक ओळ केली होती. त्यांनी खिडकीवरच्या बाईंना फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, "चांगली आहे. तीनशे वर्षांनी अर्ज करा."

आता फक्त कार्यक्रमाचा अर्ज राहिला. त्यात दोन रकाने होते, कलाकार किती आणि श्रोते किती. मी लिहिलं, कलाकार सत्तर, श्रोते शून्य. अर्ज परत आला. श्रोते नसतील तर तो कार्यक्रम नव्हे, जमाव होतो, आणि जमावाचं खातं वेगळं. मग निम्म्यांनी श्रोते व्हावं असं ठरलं. पण कोणी गायचं सोडायला तयार होईना. आमच्यात गाणारा पोस्टमन म्हणाला, "मी श्रोता झालो तर गप्प बसून करू काय?"

तो प्रश्न विभागानेच सोडवला. कलाकारांची छाननी झाली. एक नर्स, एक पोस्टमन, दोन शिक्षिका, एक विम्याचा एजंट, एक कुलूपवाला. छाननीचा शेरा असा होता की यांपैकी कोणीही 'लोक' या व्याख्येत बसत नाही.

"मग लोक कुठून आणायचे?" मी खिडकीवर विचारलं.

"तुम्ही काळजीच करू नका, काका. लोक विभागाकडून येतील. आमच्या यादीवर आहेत. प्रशिक्षित आहेत."

"आणि आम्ही?"

"तुम्ही सत्तरच्या सत्तर श्रोते. बघा, कसा सुटला प्रश्न!"

प्रत्येकाकडून हमीपत्र घेतलं. श्रोता गाणार नाही, ताल धरणार नाही, शेवटी टाळ्या वाजवेल.

त्या रविवारी पाच वाजता अंगणात सत्तर खुर्च्या मांडल्या होत्या. लोक बसमधून आले. बारा जण होते, एकाच कापडाचे कपडे घातलेले. आवाज गोड होते, ते नाकारून चालणार नाही. निवेदकाने सांगितलं की हे गाणं ज्यांनी जपलं त्या अनाम हातांना आजचा कार्यक्रम अर्पण आहे. नर्सबाईंनी आपले हात मांडीखाली घेतले.

पहिलं कडवं झालं. गुडघा ऐकेना तिथे बासरी होती. मग दुसरं आलं. बाराही जण खाली बसले, माना एका बाजूला कलल्या आणि अगदी संथ, रडव्या सुरात सुरू झालं. साऱ्यांची... कुलपं... उघडत... हिंडतो... 'आपल्याच दारी' म्हणायला त्यांना पाऊण मिनिट लागलं. मला पायपुसणं दिसलं. जिन्यातून वर येणारी ती दिसली, हातात भाजीची पिशवी, आणि तिचा चेहरा. मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो.

गळ्यात ओळखपत्र घातलेला व्यवस्थापक वाकून माझ्याजवळ आला.

"काका, इथे हसायचं नाही. हे करुण आहे."

"अहो, हे विनोदी आहे."

"तज्ज्ञांनी करुण लिहिलंय. तुम्हाला कसं माहीत विनोदी आहे ते?"

मी तोंड उघडलं. माझं प्रतिज्ञापत्र विभागाच्या फायलीत होतं, सही माझीच होती. मागच्या रांगेतून मेहुणीचा आवाज आला.

"त्यांना नका विचारू, साहेब. त्यांना काहीच माहीत नाही. तसं लिहून दिलंय त्यांनी."

व्यवस्थापकाने मान डोलावली आणि तो आपल्या जागी गेला. शेवटी आम्ही टाळ्या वाजवल्या. अहवालात 'श्रोते शिस्तबद्ध' असा शेरा आहे. त्यानंतर ते गाणं शहरात बऱ्याच ठिकाणी झालं, आणि सगळीकडे लोक विभागाकडूनच गेले. आमच्या अंगणात रविवारी आता कोणी येत नाही. खुर्च्या परत न्यायच्या राहिल्या आहेत.

मेहुणी माझ्याशी अजून बोलत नाही. तिचं बरोबर आहे. पण ही हकीकत मी ज्यांना सांगतो, ते सगळे तिचीच बाजू घेतात, तेव्हा मात्र मी त्यांना एक विचारतो. तेच तुम्हालाही विचारतो. तुमच्या घरातली कोणी बाई काम करता करता काहीतरी गुणगुणायची ना? आई, आत्या, मावशी, कोणीतरी? ते गाणं कोणाचं होतं? आठवून बघा. तुम्ही म्हणाल, काय माहीत, असंच जुनं काहीतरी असेल.

माझ्याकडून विभागाला निदान सही तरी घ्यावी लागली.