भजी खाल्ली म्हणजे कान बरा

दवाखान्यात कधी जायचं आणि कधी नाही, हे साऱ्या पंचक्रोशीत एकट्या सटवाजीला कळत होतं. निदान सटवाजीचं तरी तसं ठाम मत होतं!

चाळीस वर्षं शेळ्यांत काढलेला माणूस तो. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडं असलेल्या त्याच्या वाडीत कुणाची शेळी मलूल झाली, की ती आधी सटवाजीच्या अंगणात यायची. सटवाजी तिच्या तोंडापुढं बाभळीच्या चार शेंगा धरायचा. शेळीनं शेंगा खाल्ल्या, की "काय बी झालं न्हाई हिला, न्या घरी!" आणि तोंड फिरवलं, की "उचला, जनावराच्या दवाखान्यात न्या!" बस्स, एवढंच. ही शेंगांची परीक्षा आजवर एकदाही चुकली नव्हती. चुकली असेल, तर तसं सांगायला एकही शेळी परत आलेली नव्हती.

त्यामुळं मंगळवारी संध्याकाळी सहा वर्षांची नात दिपाली कान धरून रडत शाळेतून आली, तेव्हा घरातल्या बायका घाबरल्या आणि सटवाजी खुलला. लेकराचा कान दुखतो म्हणून नव्हे हो! आपल्या विद्येला घरातच काम निघालं म्हणून.

"मामा, हिला गोरेगावला दाखवून आणू का?" सून सुकन्या म्हणाली. "दोन दिवस सर्दी व्हती, आता कान ठणकून राहिला म्हणते."

"काहून? दवाखाना काय पळून चालला?" सटवाजी खाटेवर मांडी घालून बसला. "अगं, लहानपणी माझा डावा कान न्हाई का दुखला? चांगला आठ दिवस वाहिला. कोन्या डॉक्टरनं पाहिला व्हता त्याला? आपोआप थांबला! काय झालं मला? सांग, काय झालं?"

त्याच्या डाव्या अंगाला चंद्रभागाबाई लसूण सोलत बसली होती. ती काहीतरी पुटपुटली. सटवाजीनं मनावर घेतलं नाही. बायकोचं बोलणं मनावर न घेण्यात त्याचा हातखंडा होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण तिचा एक टोमणा त्याला कधी लागला नाही. सटवाजीसारखा थंड डोक्याचा नवरा वाडीत दुसरा नाही, असं लोक म्हणायचे.

"तरी पन परीक्षा करू," सटवाजीनं जाहीर केलं. "रीतसर करू! शेळीला जशा शेंगा, तशी आपल्या दिपीला भजी. चंद्रभागे, टाक तळायला! भजी खाल्ली तर पोरगी घरीच ऱ्हाईल. अन् तोंड फिरवलं, तर सरळ गोरेगाव. डॉक्टरीणबाई, गोळ्या, सुई, जे काय असंल ते!"

आता इथं एक घोळ झाला. शेळीपुढं शेंगा धरताना तिला कुणी नियम समजावून सांगत नाही. सटवाजीनं दिपालीला सांगितला. तोही खणखणीत आवाजात, आणि त्यात सुईचं नाव घेऊन! गेल्या वर्षी अंगणवाडीत लस टोचायला आले, तेव्हा याच दिपालीनं दाराच्या कडीला अशी मिठी मारली होती, की तिला सोडवायला दोन बाया लागल्या होत्या.

भजी आली. दिपालीनं आजोबाकडं पाहिलं, भज्यांकडं पाहिलं आणि एकेक उचलायला लागली. एका गालानं चावायची, डोळे गच्च मिटायची आणि गिळायची. सात भजी खाल्ली. गालावरून पाणी ओघळत होतं.

"रडतीस काहून गं?"

"मिरची लागली, आबा."

"पाहा!" सटवाजीनं मांडीवर थाप मारली. "सात! आजारी लेकरू सात भजी खातंय व्हय?"

बुधवारी दिपालीचं अंग तापलं. सकाळीच शेजारचा उकंडराव आपली शेळी घेऊन शेंगांच्या परीक्षेला आला होता. त्यानं फुकटचा सल्ला दिला, "लसणीचं तेल कोमट करून कानात सोड की, सटवाजी!"

"खबरदार!" सटवाजी ओरडला. "कानात काय बी सोडायचं न्हाई! असंच तेल सोडून माझा एक बोकड हातचा गेला. कान म्हंजे दिवा हाय का तेल घालायला?"

एवढं मात्र सटवाजीचं बरोबर होतं. बाकीचं सांगत नाही.

"मामा, ताप हाय तिला," सुकन्या रडकुंडीला आली होती. "आता तरी चला."

"परीक्षा!" सटवाजीनं बोट वर केलं.

पुन्हा कढई चढली. उकंडराव अंगणात उकिडवा बसला. त्याची शेळीही मान वळवून बघत होती. दिपालीनं या खेपेला नऊ भजी खाल्ली! शेवटचं भजं तिनं दोन्ही हातांनी तोंडात लोटलं. उकंडरावनं टाळी वाजवली. सटवाजीची छाती तर सदऱ्यात मावेना.

"मामा, शेळीला सुईची भीती नसते. लेकराला असते," सुकन्या म्हणाली. पण ती डावीकडं उभी होती, आणि सटवाजी उकंडरावला शेंगा कशा धरायच्या ते दाखवत होता.

गुरुवारी सकाळी सटवाजी गोठ्यातून आला. दिपाली खाटेवर पाठमोरी, एक कान गुडघ्यावर टेकवून बसली होती.

"दिपे, तुझं करडू पळालं बघ!"

एरवी एवढं ऐकलं की पोरगी चपला न घालता धावायची. आज हललीसुद्धा नाही.

"दिपे! ए दिपे!"

काही नाही. सटवाजी पुढं झाला आणि त्याला उशी दिसली. उशीवर पिवळट डाग पडला होता, तिच्या दुसऱ्या कानाखाली तसलाच ओघळ सुकला होता. चाळीस वर्षांत त्याला असं भ्यायला झालं नव्हतं. हे लेकरू बहिरं झालं तर? आपल्यामुळं?

सुकन्यानं यावेळी कुणाला विचारलं नाही. तिनं पोरीला उचललं आणि थेट फाट्यावर. तिथं तिचा नवरा शिवहार जीपमध्ये गोरेगावच्या सीटा भरत होता. मागून सटवाजी धापा टाकत, त्याच्यामागून चंद्रभागाबाई पदर खोचत.

"बा, चार सीटा यायच्या हायेत अजून," शिवहार सवयीनं म्हणाला.

"मी एकटाच चार सीटांचा हाय! काढ गाडी!"

जीप हलली तसं दिपालीला उमगलं, आपल्याला कुठं नेऊन राहिले. तिनं टाहो फोडला, "भजी आना! आबा, भजी आना! मी खाते! समदी खाते!"

जीपमधले लोक हसले. सटवाजी हसला नाही. आता कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. पोरगी दोन दिवस भजी खातच नव्हती, सुई चुकवत होती!

गोरेगावच्या कालिंदीबाई डॉक्टर शांत बाई. त्यांनी बॅटरीचं नळकांडं घेऊन दोन्ही कान पाहिले.

"किती दिवस झाले?"

"तोंड फिरवलं न्हाई बाई तिनं," सटवाजी घाईघाईनं म्हणाला. "सोळा भजी खाल्ली!"

"तापात? कुणी दिली?"

चंद्रभागाबाईनं सटवाजीकडं पाहिलं, सुकन्यानं छताकडं.

"कानात काही घातलं होतं?"

"न्हाई! थेंब न्हाई!" सटवाजीला जरा जीव आला.

"हे एक चांगलं केलंत. हे पाहा, आत पू झाला होता. पडद्याला बारीकसं छिद्र पडून तो बाहेर आलाय. ताजं आहे, औषधानं भरून येईल, ऐकूही नीट येईल. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, औषध पुरतं संपवायचं आणि दहा दिवसांनी परत दाखवायचं. पण ताप आला तेव्हाच यायचं होतं! कान ठणकतोय आणि ताप आहे, कान वाहतोय, कमी ऐकू येतंय, यातलं एक जरी दिसलं तरी भज्यांची वाट पाहायची नाही."

सुकन्यानं डोळ्यांना पदर लावला. सटवाजीला तर देवाला नारळ फोडावासा वाटला.

"अन् सुई?" दिपालीनं बारीक आवाजात विचारलं.

"सुई कशाला? गोड औषध आहे, गुलाबी."

दिपालीनं आजोबाकडं वळून पाहिलं.

"मग मी भजी काहून खाल्ली?"

सटवाजी बाकावर बसून सदऱ्याची गुंडी चाचपत राहिला. डावीकडून डॉक्टरीणबाईंनी त्याला काहीतरी विचारलं. त्यानं मनावर घेतलं नाही. त्यांनी परत विचारलं. मग त्या उठल्या आणि तेच नळकांडं त्याच्या डाव्या कानाला लावलं.

"आजोबा, तुमच्या पडद्याला केवढं भोक आहे! या कानानं ऐकू येत नाही ना तुम्हाला? लहानपणी वाहिला होता का?"

"आठ दिवस," सटवाजी म्हणाला. "आपोआप थांबला."

"थांबला, पण जाताना बरंच काही घेऊन गेला. हिलाही असंच घरी ठेवत गेला असतात, तर हिचंही तेच झालं असतं."

तेवढ्यात चंद्रभागाबाईचा हात कपाळावर गेला.

"अवं बाई! म्हंजे चाळीस वर्सं ह्यांच्या डाव्या बाजूला बसून मी जे जे बोलले, त्यातलं एक बी आत गेलं न्हाई?" मग तिनं पदर सावरला, उठली आणि सटवाजीच्या उजव्या बाजूला येऊन बसली. सटवाजीला घाम फुटला.

"हिंगोलीला कानाच्या डॉक्टरांना दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"छे! मला काय झालंय? चांगला खातोपितो की!"

परत निघताना शिवहारनं स्टँडवरच्या हॉटेलापुढं जीप थांबवली, चहाला. औषधाची पहिली मात्रा पोटात गेली होती, दिपालीला तरतरी आली होती. ती आत गेली आणि भज्यांची बशी घेऊन आली. सटवाजीपुढं ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"आबा, खाल्ली तर घरी. तोंड फिरवलं तर हिंगोली. सुई बी!"

सुईचं नाव निघताच सटवाजीच्या अंगावर काटा आला. पोरीची ती भीती कुणाकडून आली होती, हे आता वेगळं सांगायला नको. त्याला घास गिळवत नव्हता. सारखी ती उशी डोळ्यांपुढं येत होती. तरी त्यानं एक भजं उचललं, मग दुसरं. तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडता काहून, आबा?"

"मिरची लागली गं."

दिपालीनं मान डोलावली आणि बापाला हाक मारली, "पप्पा, आबाला मिरची लागली म्हनते! मी बी असंच म्हनत व्हते. जीप हिंगोलीकडं वळवा!"

आणि शिवहारनं या खेपेलाही सीटा भरायची वाट पाहिली नाही.