यादिराची तोंडी परीक्षा

"आणि बाई आत घेऊन गेल्या की काय करायचं?" इव्हलीसने लेकीच्या कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढत विचारलं.

"विचारतील त्याचं उत्तर द्यायचं," चार वर्षांची यादिरा म्हणाली.

"घाई?"

"करायची नाही."

"अंगठा?"

"चोखायचा नाही. आई, चेन मानेला चावतेय."

महिनाभर ब्रॉन्क्समधल्या त्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. सरकारी शाळांत हुशार मुलांचे वेगळे वर्ग असतात. त्यात तोंडी परीक्षा देऊन बालवर्गापासून शिरकाव झाला की पोरीचं पुढचं सगळं सुरळीत होणार, असं इव्हलीसने मनाशी धरलं होतं. नणंदेचा जोएल क्वीन्समध्ये अशाच वर्गात होता आणि नणंद, म्हणजे मिग्दालिया, ही गोष्ट फोनवर एकदाही सांगायची विसरत नसे. "आमच्या जोएलला काही शिकवावंच लागत नाही गं, इव्ही. आपलं आपणच येतं त्याला!" इव्हलीस दाताच्या डॉक्टरांकडे फोन घेण्याचं काम करायची. दिवसभर लोकांचे दात आणि संध्याकाळी नणंदेचे, असा तिचा दिनक्रम होता.

नवरा विल्फ्रेदो बेकरीची गाडी चालवायचा. त्याने आपल्या परीने शिकवणी घेतली होती. टेबलावर पाव मांडून तो विचारी, "गोल पाव, लांब पाव, गोल पाव, लांब पाव. आता पुढे काय?"

"लोणी," यादिरा म्हणे.

या सगळ्या शिकवणीच्या आधीपासून मात्र घरात एक धडा रोज घोटला जाई. अनोळखी माणसांशी बोलायचं नाही! इव्हलीस एकदा बसमध्ये एका गोड म्हातारीशी पाच-सहा थांबे मनसोक्त गप्पा मारून उतरली, तेव्हा म्हातारीबरोबर तिची पर्सही पुढच्या थांब्याला गेली होती. तेव्हापासून ती शेजाऱ्यांना नुसती मान हलवून दाखवी आणि दाराची साखळी न काढता फटीतून बोले. यादिराला तिने बजावलं होतं, कोणी गोड बोलून, काहीतरी द्यायचं कबूल करून 'चल माझ्याबरोबर' म्हणालं, तर जमिनीवर बसकण मारायची आणि जिवाच्या आकांताने ओरडायचं.

परीक्षेच्या शाळेत पालक दाटीवाटीने बसले होते. मिस पेटीग्रू नावाच्या, चांदीसारख्या केसांच्या एक बाई यादिरासमोर गुडघे टेकून बसल्या आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "अय्या, किती छान कोट! माझ्याबरोबर येतेस? आत माझ्याकडे चिकटवायच्या चांदण्या आहेत. तुला देईन."

इव्हलीसने लेकीचा हात सोडला. दोघी बोळाच्या वळणाआड गेल्या. इव्हलीसने डोळे मिटून मेरीमातेचं नाव घेतलं, ते पुरतं घेऊन व्हायच्या आत आवाज आला.

"ही माझी आई नाहीये! मला पळवून नेतेय! वाचवाऽऽ!"

पावशेराची पोरगी ती, पण आवाज आगीच्या बंबाचा. पहारेकरी धावला. खोल्यांची दारं उघडली. एक शहाणा मुलगा आत शांतपणे त्रिकोण मोजत होता. त्याने बाहेर डोकावून पाहिलं, मग आपल्या बाईंकडे वळून नीट निरखलं आणि तोही किंचाळला, "हीपण माझी आई नाहीये!" ही गोष्ट खरीच होती. मग एकेका खोलीतून तेच सत्य बाहेर पडू लागलं. पालक उठून बोळात घुसले, प्रत्येक जण आपलं पोर शोधू लागला. टाय घातलेले एक गृहस्थ ओरडत होते, "माझ्या मुलाची अर्धी परीक्षा झाली होती! वर्षभर शिकवणी लावलीय मी!"

यादिरा पाणी प्यायच्या नळाच्या खांबाला मिठी मारून खाली बसली होती. मिस पेटीग्रूंनी हळूच विचारलं, "बाळा, तुझं नाव तरी सांगशील?"

"नाही. पत्तापण नाही सांगणार."

इव्हलीस घामाघूम होऊन पोचली. लाजेने तिला वर बघवेना. मिस पेटीग्रू उठून स्कर्ट झटकत म्हणाल्या, "खरं सांगू का? असल्या वेळी काय करावं ते हिने अगदी अचूक केलं. फक्त त्याला गुण द्यायची सोय नाही हो आमच्याकडे." परीक्षा सुरूच झाली नसल्यामुळे आजारी मुलांसाठी ठेवलेल्या दिवशी यादिराला पुन्हा बसता येणार होतं. तो दिवस पुढच्या महिन्यात होता.

घरी विल्फ्रेदो हसून हसून खुर्चीवरून घसरला.

"हसतोस काय? माझी तिथे काय गत झाली!"

"अगं, पाठांतर बघ पोरीचं! आता तूच शिकवलंस ते तूच विसरायला लाव."

म्हणून नियम बदलला. आई जवळ असली तर अनोळखी माणसांशी बोलायचं, नव्हे, बोलायचंच! पहिल्या दिवशी यादिराने पोस्टमनला नमस्कार केला. दोन दिवसांनी तिला पोस्टमनच्या गुडघेदुखीची सगळी हकिकत पाठ होती. आठवडाभरात ती अशी सुटली की कसायाकडे नुसतं मटण आणायला पाऊण तास लागू लागला. मिग्दालियाचा फोन तिनेच उचलला. "आत्या, आई म्हणते तुझा फोन आला की तिचं डोकं दुखतं. तुझंपण दुखतं का?" त्यानंतर फोन यायचे बंदच झाले. "बघ, अजून शाळा लागली नाही तर फायदा सुरू," विल्फ्रेदो म्हणाला.

मग एके दिवशी लिफ्टमध्ये घरमालक लेकाज भेटले. इव्हलीस पिशव्या सावरत होती, तेवढ्यात यादिरा म्हणाली, "आमच्याकडे एक गुपित आहे. न्हाणीघरात पडद्यामागे असतं. गुरगुरतं."

लेकाज मान डोलावून लिफ्टमधून उतरले. संध्याकाळी मात्र थेट दारात. "कुत्रा कुठाय?"

"कुत्रा?" इव्हलीसला इतकं हायसं वाटलं की तिने दाराची साखळीसुद्धा काढली. "या ना, बघा! घरात कुत्रा सापडला तर आज रात्री घर सोडते मी!"

त्याच क्षणी पडद्यामागच्या कपडे धुवायच्या मशीनने पाणी पिळून काढायला घेतलं. न्हाणीघर थरथरू लागलं. बिल्डिंगमध्ये कुत्रे चालत नव्हते, पण मशीन तर त्याहून चालत नव्हतं. लेकाजनी पडदा बाजूला केला आणि वाकून खालच्या ओल्या फरशीवर बोट फिरवलं. "म्हणजे दुसऱ्या मजल्याचं छत गळतंय ते हे! कुत्रा परवडला असता हो, बाई!"

मशीन गेलं. आता दर शनिवारी गाठोडं घेऊन कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत जाणं आलं. तिथे ओळीने मशीनं होती, समोर बाकं होती आणि बाकांवर सगळे अनोळखी. इव्हलीस पर्स मांडीवर दाबून, कोणाकडे न बघता ताठ बसायची. यादिरा मात्र दुसऱ्याच शनिवारी तिथली घरची झाली. डॉन चागो नावाचे निवृत्त सुतार तिथे डॉमिनोचा डाव मांडत. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं. लॉन्ड्री सांभाळणाऱ्या मिसेस बोआतेंग तिच्या हातात चादरीची दोन टोकं देत. "कोपऱ्याला कोपरा लाव गं. अर्धं झालं. आता अर्ध्याचं अर्धं. पुढची घडी केवढी होईल, न करता सांग बघू?" हरवलेल्या मोज्यांच्या टोपलीतून जोड्या लावायचं काम तर यादिराने मागून घेतलं.

"यादिरा, इकडे ये, परीक्षेचा अभ्यास करू," इव्हलीस हाक मारी.

"थांब गं आई, मला काम आहे!"

दुसऱ्या परीक्षेला यादिरा मिस पेटीग्रूंचा हात धरून, मागे न बघता आत गेली. बाकीची मुलं एकेक करून परत आली. यादिरा येईना. इव्हलीस उठून बोळाच्या तोंडाशी उभी राहिली, आणि आज ओरडण्याऐवजी हसण्याचे आवाज येत होते, हे ऐकून आणखीच घाबरली. अखेर दोघी आल्या. मिस पेटीग्रूंच्या केसांची पिन सुटली होती.

"तुमचं मशीन गेलं ते ऐकून फार वाईट वाटलं," त्या म्हणाल्या.

"आणि उत्तरं?"

"ते मला सांगायची परवानगी नाही." पण सांगताना बाई ओठ दाबून हसत होत्या.

वसंतात निकाल आला. यादिरा पास होती, चांगल्या गुणांनी! विल्फ्रेदोने बेकरीतून केक आणला. मिग्दालियाचा डोकेदुखीनंतरचा पहिला फोन आला. "आपल्या घराण्यातच आहे ते," ती म्हणाली आणि इव्हलीसने तिला तेवढं बोलू दिलं. केक कापून झाल्यावर तिने निकालपत्राचा खालचा भाग वाचला. त्यांच्या भागात असा वर्गच नव्हता. दुसरीकडच्या सगळ्या जागा भरल्या होत्या.

तिने शाळांच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस जांभई आवरत म्हणाला, "तुमच्या भागात वर्ग काढण्याएवढी मुलं मिळत नाहीत, बाई. पुरेशा पालकांनी मिळून मागितला तर विचार होतो कधीकधी."

त्या शनिवारी इव्हलीस लॉन्ड्रीत गरगर फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत बसली. पोरीने सगळं केलं, आणि उपयोग काय? पलीकडे यादिरा डॉन चागोंना सांगत होती, "मी पास झाले, पण माझा वर्गच नाहीये. कुठे ठेवला माहीत नाही."

शेजारी एक बाई छोट्या छोट्या चड्ड्यांच्या घड्या घालत होती. ते ऐकून तिचा हात थांबला. तिने झटकन वर पाहिलं आणि तितक्याच झटकन मान खाली घातली. इव्हलीसला ती मान खाली घालायची तऱ्हा ओळखीची वाटली. तिची स्वतःचीच होती ती.

इव्हलीस उठली. 

"ऐका ना. तुम्ही मला ओळखत नाही. मी इव्हलीस किन्योनेस. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते. तुमच्याकडेपण आलाय का तो निकाल?"

बाईने आपली पिशवी जवळ ओढली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आमच्याकडे आलाय. म्हणून विचारलं."

बाईची पिशवीवरची पकड सैल झाली. मग हळूच म्हणाली, "माझ्या धाकट्याला. मला वाटलं, आमच्याच नशिबात हे असं."

"आमच्या नातीचंही तेच!" ड्रायरच्या मागून कोणीतरी ओरडलं. मिसेस बोआतेंगनी रेडिओ बंद केला. "चर्चमध्ये आणखी दोघींनी रडगाणं गायलंय माझ्यापाशी. उद्या घेऊन येते त्यांना. काय गं, एका वर्गाला किती मुलं लागतात?"

"तेच विचारायला जायचं," इव्हलीस म्हणाली, "सगळ्यांनी मिळून." आणि ती त्या बाईच्या शेजारी बाकावर बसली. कचेरीतल्या माणसाची जांभईसुद्धा तिने नक्कल करून दाखवली. बाई खळखळून हसली. मग बोलण्यात बसमधली म्हातारी निघाली, लेकाज निघाले, नणंद निघाली.

कपडे केव्हाच वाळून गार झाले होते. डॉन चागो डाव आवरून घरी गेले. यादिरा कोट घालून आईची बाही ओढत होती.

"आई, चल ना गं घरी! किती बोलतेस!"

"थांब जरा," इव्हलीस म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या काकूंशी बोलायचं राहिलंय अजून."